एकही चोरी न झालेली आळी

आळ्यांना त्यांच्या कामावरून नावं पडायची त्या काळची ही गोष्ट. नदीकाठच्या एका नगरीत रंगाऱ्यांची एक आळी होती. चाळीस घरं, मधून एक अरुंद रस्ता, आणि या घराच्या खुंटीपासून समोरच्या घराच्या खुंटीपर्यंत ताणलेल्या दोऱ्या. दोऱ्यांवर ओली लुगडी, पागोटी, पंचे वाळत असायचे. खालून चालणाऱ्याच्या खांद्यावर कधी लाल थेंब पडायचा, कधी हिरवा. आळीतल्या माणसांना त्याचं काही वाटत नसे.

या आळीचा कारभारी होता केरोबा. वय पन्नाशीचं, आवाज मोठा, हात कोपरापर्यंत निळे. आळीतली भांडणं तो मिटवायचा, घाटावरच्या पाळ्या लावून द्यायचा, आणि दर महिन्याच्या अखेरीला कोतवालाच्या चावडीवर जाऊन आपल्या आळीत किती चोऱ्या झाल्या ते सांगून यायचा. सगळ्याच आळ्यांचे कारभारी तसे जायचे. त्या आकड्यांवरून कोतवाल राखणदार वाटायचा. चोऱ्या जास्त त्या आळीला दोन राखणदार, कमी त्या आळीला एक. चोरीच नाही त्या आळीला एकही नाही, कारण नगरीत आळ्या पुष्कळ होत्या आणि राखणदार मोजके.

दसऱ्याला हेच आकडे राजाकडे जायचे. वर्षभरात ज्या आळीत सर्वांत कमी चोऱ्या झाल्या, तिच्या वेशीवर राजा स्वतः केशरी निशाण लावायचा. त्याला अभयाचं निशाण म्हणत. ते वर्षभर तिथं फडकायचं. बाहेरगावचा माणूस नगरीत आला की आधी निशाण शोधायचा आणि त्याच आळीत मुक्काम करायचा, तिथंच खरेदी करायचा. निशाणाचं कापड मात्र दरवर्षी रंगाऱ्यांच्याच आळीत रंगवलं जायचं. केरोबानं आपल्या हातांनी अशी अकरा निशाणं रंगवली होती, आणि अकराही दुसऱ्यांच्या वेशीवर गेली होती. वाळलेल्या निशाणाची घडी घालताना त्याला दरवर्षी वाईट वाटायचं, पण तो कुणाजवळ बोलायचा नाही.

बाराव्या वर्षी त्यानं मनाशी ठरवलं, की यंदाचं निशाण आपल्या वेशीवर लागलं पाहिजे.

वर्षाची सुरुवात चांगली झाली. पहिल्या महिन्यात आळीत एकही चोरी झाली नाही, दुसऱ्यातही नाही. केरोबा चावडीवर गेला आणि ताठ उभा राहून म्हणाला, "रंगाऱ्यांची आळी, शून्य." कोतवालानं मान डोलावली. बाकीचे कारभारी वळून बघायला लागले. परत येताना केरोबाला रस्ता नेहमीपेक्षा रुंद वाटला.

तिसऱ्या महिन्यात एका घराच्या दोरीवरून हिरवं लुगडं गेलं. घरमालक तक्रार घेऊन आला. केरोबानं त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं की त्या दिवशी वारा होता का. वारा होता. मग लुगडं वाऱ्यानं उडून नदीत गेलं नसेल कशावरून? घरमालकानं डोकं खाजवलं. तसंही असेल, म्हणाला, आणि उठून गेला. महिन्याच्या अखेरीला केरोबानं पुन्हा शून्य सांगितलं. त्याला ते खोटं वाटलं नाही. वारा होता ही गोष्ट खरीच होती.

पुढच्या महिन्यात एक घागर गेली. ती कुणीतरी घाटावर विसरलं असणार, असं ठरलं. मग दोन पागोटी गेली, ती गिऱ्हाइकानं चुकून नेली असणार. हळूहळू आळीला याची सवय झाली. काही गेलं की लोक स्वतःच वाऱ्याचं, माकडांचं, स्वतःच्या विसराळूपणाचं नाव घ्यायचे आणि गप्प बसायचे. निशाण सगळ्यांनाच हवं होतं. शेजाऱ्याला सांगायलाही जो तो कचरायचा, कारण बोललं की पसरणार, आणि आपल्या घरामुळे आळीचं नाव गेलं असं कुणी म्हटलं तर काय करायचं? चाळीसही घरांत एकेकटी माणसं आपापल्या कड्या घट्ट करत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की चोरी फक्त आपल्याच घरी होते.

सहाव्या महिन्यात कोतवालानं आळीचा राखणदार काढून घेतला. तुमच्याकडे काही घडत नाही, मग त्याला इथं बसवून काय करू, असं त्यानं केरोबाला हसून सांगितलं. केरोबाही हसला. राखणदार आपली काठी आणि घोंगडी घेऊन निघाला तेव्हा पोरंटोरं त्याच्यामागून वेशीपर्यंत गेली. आपल्या आळीला राखणदार लागत नाही, हे लोक बाहेर छाती पुढे काढून सांगायला लागले.

आळीत भिवरा नावाची एक विधवा राहायची. हिरड्याचा काळा रंग तिच्यासारखा कुणाला जमत नसे. तिच्या सासूपासून चालत आलेली तांब्याची मोठी कढई होती, दोन माणसांनी उचलावी एवढी. एका मंगळवारी ती घाटावरून परत आली तर चुलीवर कढई नव्हती. ती तशीच, ओल्या पदरानं, केरोबाच्या दारात येऊन उभी राहिली.

कढई वाऱ्यानं उडत नाही हे केरोबालाही कळत होतं. त्यानं तिला आपली जुनी कढई देऊ केली, आणि दसऱ्याला दोन महिने राहिलेत तेवढे गप्प राहा, अशी गळ घातली. निशाण लागलं की बाहेरचं गिऱ्हाईक येईल, सगळ्यांचं भलं होईल, तुझंही होईल, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

भिवरानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, कढईचं मी सोसेन. पण शेजारी लिंबाआबा दिवसभर दार उघडं टाकून एकटे बसलेले असतात. त्यांना तरी सांगू का, दार लावून घ्या म्हणून?"

"त्यांना सांगितलंस की ते विचारणार, का लावू," केरोबा म्हणाला. "मग तू काय सांगणार?"

 भिवरा केरोबाची कढई उचलून घरी गेली.

घरात केरोबाची बायको राही हे ऐकत होती. तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं, की शून्य म्हणताना तुमची जीभ अडखळत नाही का. केरोबा चिडला. आळीसाठीच करतोय, स्वतःसाठी नाही, असं म्हणून तो बाहेर निघून गेला. तरी त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दसरा आठ दिवसांवर आला. घाटावर रंगाऱ्यांना मंगळवार आणि शुक्रवार असे दोनच दिवस मिळायचे, आणि त्या दिवशी सगळी आळी सकाळीच कापडाचे गठ्ठे घेऊन नदीवर जायची. म्हातारी माणसं तेवढी मागं राहायची. त्या मंगळवारी लोक दुपारी परतले, तेव्हा लिंबाआबा आपल्या अंगणात कुशीवर पडलेले होते. आबा ऐंशीचे. एकेकाळी अख्ख्या नगरीतला सर्वांत चांगला लाल रंग त्यांच्या हातचा असायचा. आता डोळ्यांना नीट दिसत नव्हतं आणि ते दिवसभर उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पावलांवरून ओळखायचे. त्या दिवशी घरात दबकी, ओळखू न येणारी पावलं वाजली. त्यांनी कोण आहे म्हणून विचारलं आणि दारात आडवे आले. बाहेर पळणाऱ्यानं त्यांना ढकललं. खुब्याचं हाड मोडलं.

वैद्यानं पट्ट्या बांधल्या. केरोबा उशाशी बसून होता. आबांचे ओठ सुकले होते, त्यानं कापसाच्या बोळ्यानं पाणी दिलं.

"आबा, तुम्ही हाक का मारली नाहीत? समोरच्या आळीतही ऐकू गेली असती."

"मारली की एकदा," आबा म्हणाले. "मग आठवलं, आपल्या आळीत काही घडतच नाही. कोण येणार? राखणदारही नाही. मग पडून राहिलो."

ते चिडून बोलले नव्हते. आज हवा कशी आहे हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मग आणखी थोडं बोलले. याआधी दोनदा त्यांच्याही घरातून वस्तू गेल्या होत्या. त्यांनीही आळीच्या नावासाठी कुणाला कळू दिलं नव्हतं. शेजारणीची कढई गेल्याचं आज कळलं, तेव्हाच कळलं असतं तर मात्र दार लावून बसलो असतो, असं ते म्हणाले.

भिवरा पलीकडे भिंतीला टेकून उभी होती. तिनं केरोबाकडे पाहिलं नाही. केरोबाला मात्र तिच्याकडे पाहावंच लागलं.

त्याच दिवशी आळीतली जाणती मंडळी पिंपळाच्या पारावर जमली. आठच दिवस राहिलेत, लोक म्हणाले. आबा अंगणात पाय घसरून पडले असं सांगायचं. त्यांचं औषधपाणी आपण सगळे मिळून करू, कुणी मागं हटणार नाही. निशाण लागल्यावर मग राखणदार मागू, काय हवं ते करू. सगळे केरोबाकडे बघत होते, कारण चावडीवर आणि दरबारात बोलायचं त्यालाच होतं. केरोबानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. लोकांनी त्याचा होकार धरला.

ते आठ दिवस केरोबानं काम केलं ते निशाणाचं. त्यानं कापड केशरात बुडवलं, पिळलं, पुन्हा बुडवलं. रंग असा चढला की बघणारे थांबून बघत. राहीनं ते दोरीवर टाकायला मदत केली.  केरोबा म्हणाला, हे निशाण बघून कुणीतरी रात्री दार उघडं टाकून झोपेल. यावर राही म्हणाली, की आबा दार उघडं टाकूनच बसले होते.

दसऱ्याला दरबार भरला. कारभारी रांगेत उभे राहिले. तांबटांची आळी, नऊ. साळ्यांची आळी, सहा. हलवायांच्या आळीचा कारभारी गोल चेहऱ्याचा, हसतमुख माणूस होता. तो म्हणाला, शून्य. दरबारात कुजबुज झाली, कारण रंगाऱ्यांचाही शून्यच येणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि निशाण तर एकच.

राजानं केरोबाकडे पाहिलं.

 केरोबानं आपले निळे हात पाठीमागे धरले. त्याच्यामागे आळीतली दहा-बारा माणसं नवी पागोटी घालून उभी होती. वर्षभर त्यानं हा शब्द इतक्या वेळा उच्चारला होता की आता तो आपोआप बाहेर पडला असता. पण डोळ्यांपुढं आले लिंबाआबा, एकदा हाक मारून गप्प पडून राहिलेले.

"रंगाऱ्यांची आळी," तो म्हणाला. "मला ठाऊक असलेल्या चोऱ्या, सतरा. मला ठाऊक नसलेल्या किती ते सांगता येणार नाही, कारण मी कुणाला सांगूच दिलं नाही. वर्षभर इथं येऊन शून्य सांगितलं ते खोटं होतं. एका म्हाताऱ्या माणसाचं त्यात हाड मोडलं. अपराध माझा आहे, आळीचा नाही."

 मागच्या माणसांपैकी कुणीतरी पागोटं काढून हातात घेतलं.

 राजानं विचारलं, की खोटं का सांगितलंस.

"निशाण हवं होतं, महाराज."

"आणि आज?"

"आज राखणदार हवा आहे."

राजानं निवाडा केला. खोटे आकडे दिल्याबद्दल रंगाऱ्यांच्या आळीला पुढची पाच वर्षं निशाण मागता येणार नाही. राखणदार मात्र उद्यापासून मिळेल, आणि एक नाही, दोन. केरोबानं रंगवलेलं ते केशरी निशाण त्याच्याच डोळ्यांदेखत हलवायांच्या आळीकडे वाजतगाजत गेलं.

आळीत केरोबाचं स्वागत कसं झालं असेल ते सांगायला नको. चार दिवस कुणी त्याच्याशी बोललं नाही. त्याच्या दारावरून जाताना बायका तोंड फिरवायच्या. एकानं तर, तुझ्या एकट्याच्या खरेपणासाठी चाळीस घरांचं नुकसान केलंस, असं तोंडावर सुनावलं. केरोबानं ते खाली मानेनं ऐकलं. नंतर तो घरोघर फिरला. प्रत्येक दारात उभा राहून तो तेच म्हणायचा: तुमचं जे काही गेलं असेल ते शुक्रवारी संध्याकाळी पारावर येऊन सगळ्यांसमोर सांगा, मी वारा म्हणणार नाही.

शुक्रवारी पारावर माणसं आली, पण बोलायला कुणी तयार होईना.  शेवटी भिवरा उठली. तिनं पदर खोचला आणि सांगितलं, "माझी कढई गेली. श्रावणात. मंगळवारी, आपण घाटावर होतो तेव्हा."

ती बसली आणि पलीकडून एक म्हातारी म्हणाली, अगबाई, माझा हंडाही मंगळवारीच गेला. मग हिरव्या लुगड्याचा मालक उठला. मग घागर गेलेला. ज्यानं केरोबाला सुनावलं होतं तोही उठला आणि हळू आवाजात म्हणाला, की त्याच्या घरून तीनदा गेलंय. लोक एकमेकांकडे बघत राहिले. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच, आणि इथं तर जवळपास सगळेच होते. सांगता सांगता अंधारून आलं. कुणीतरी दिवा आणला. गेलेल्या वस्तू भरल्या चौतीस.

राजानं दिलेल्या दोन राखणदारांपैकी एकजण मुरलेला होता. तो इतका वेळ गप्प ऐकत होता. त्यानं विचारलं, "तुम्ही घाटावर मंगळवारी जाता आणि शुक्रवारीही जाता. आळी दोन्ही दिवस रिकामी असते. मग शुक्रवारी काहीच कसं जात नाही?"

कुणाला हे सुचलं नव्हतं. सुचणार कसं? चौतीस वस्तूंचे मंगळवार वेगवेगळ्या घरांत वाटले गेले होते. एकत्र आले तेव्हाच ते दिसले. मंगळवारी आळीत येतं कोण? लोकांनी आठवायला सुरुवात केली आणि उत्तर सगळ्यांच्या तोंडी एकदमच आलं. निळीचा व्यापारी. दर मंगळवारी सकाळी तो दोन नोकरांसह बैलगाडी घेऊन यायचा, घरोघर निळीच्या वड्या द्यायचा, आणि मग बैलांना विसावा म्हणून दुपारपर्यंत आळीच्या टोकाला थांबायचा. गोड बोलायचा, लहान मुलांच्या हातावर गूळ ठेवायचा. राखणदार गेल्यावर खुद्द केरोबानंच त्याला सांगितलं होतं, की आम्ही घाटावर असतो तेवढा वेळ आळीवर जरा लक्ष ठेवा.

केरोबानं कपाळाला हात लावला. कुणी हसलं नाही, पण कुणी रागावलंही नाही. सगळ्यांनीच त्याच्याकडून नीळ घेतली होती.

तरी केरोबा म्हणाला, की संशय म्हणजे पुरावा नाही. उगाच कुणावर हात टाकायचा नाही, आधी डोळ्यांनी बघायचं.

पुढच्या मंगळवारी आळी नेहमीसारखी गठ्ठे डोक्यावर घेऊन, गप्पा मारत, घाटाकडे निघाली. सहा घरांमधली माणसं मात्र आतच राहिली. भिवरा आपल्या घरात दाराआड उभी राहिली. दोन्ही राखणदार लिंबाआबांच्या घरात, आबांच्या खाटेजवळ बसले. आबांना सगळं सांगितलं होतं. ते कान देऊन पडून होते.

ऊन अंगणात उतरलं तेव्हा पावलं वाजली. आबांनी हळूच राखणदाराच्या हाताला स्पर्श केला आणि बोटानं भिवराच्या घराची दिशा दाखवली. व्यापाऱ्याचा एक नोकर भिवराच्या घरात शिरला, चुलीजवळ वाकला आणि केरोबानं दिलेली कढई उचलू लागला. भिवरा दाराआडून अलगद बाहेर आली आणि तिनं दाराला बाहेरून कडी घातली. मग ती अशी ओरडली की सहाही घरांतून माणसं धावत आली, आणि घाटावरच्या लोकांनाही तिचा आवाज ऐकू गेला. व्यापारी दुसऱ्या नोकराबरोबर गाडी जुंपत होता, त्या दोघांना राखणदारांनी तिथंच धरलं. गाडीतल्या पोत्यांमध्ये वर निळीच्या वड्या होत्या आणि खाली दोन लुगडी आणि एक घागर.

त्याच्या कोठारातून पुढं बैलगाडीभर सामान निघालं. कोतवालानं ते चावडीपुढं मांडलं आणि ज्याचं त्यानं ओळखून न्यावं असं जाहीर केलं. भिवराची तांब्याची कढई तिथं सापडली. ती उचलायला या वेळी चार माणसं पुढं आली. चौतीसपैकी एकोणतीस वस्तू मिळाल्या, पाच विकल्या गेल्या होत्या. लिंबाआबांचं हाड सांधायला सगळा हिवाळा गेला. नंतर ते काठीनं अंगणापर्यंत येऊ लागले, त्यापुढं नाही.

सामान उचलून झाल्यावरही चावडीपुढं काही वस्तू उरल्या. मोठ्या पराती, पितळी झारे, एक खोल पातेलं. असलं सामान कुणाकडे असतं ते सगळ्या नगरीला ठाऊक होतं. पण हलवायांच्या आळीतून कुणी आलं नाही. त्यांच्या वेशीवर निशाण फडकत होतं.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, केरोबा दोरीवर कापड टाकत असताना एक तरुण बाई त्याच्या अंगणाबाहेर येऊन थांबली. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला. हलवायांच्या घरची सून होती ती. केरोबानं तिला आत बोलावलं, राहीनं पाणी दिलं. बाई पाणी प्यायली. मग म्हणाली, की चावडीपुढं जी सर्वांत मोठी परात पडून आहे ती तिची, माहेरची. रोज ती लांबून बघून जाते. आज तिच्यावर कावळा बसला होता.

"मग घेऊन का येत नाहीस, पोरी?"

"माझी म्हटलं की आमच्या आळीत चोरी झाली असं होईल, काका. घरात सगळे म्हणतात, परात एक गेली तर दुसरी करू. पण कालच आमच्या शेजाऱ्यांचं पातेलंही गेलं. व्यापारी तर कैदेत आहे. म्हणजे दुसरं कुणीतरी आहे ना? आणि ते कुणी बोलतच नाही. मी सांगायचं तरी कुणाला?"

केरोबाला तिच्या आवाजात भिवरा ऐकू आली, आणि त्यामागून आबा. त्यानं हातातलं कापड टोपल्यात ठेवलं, हात पुसले आणि पायांत वहाणा घातल्या. राहीनंही चुलीवर झाकण ठेवलं आणि ती बाईच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिघं मिळून चावडीवर गेली.

वाटेत केरोबानं बाईला एकच गोष्ट सांगितली. बोलायचं तुलाच आहे, मी फक्त शेजारी उभा राहीन. माझ्यासारख्यानं तुझ्या वतीनं बोलायला सुरुवात केली तर काय होतं ते मी करून बसलो आहे.

चावडीपुढं रस्ता वाहता होता. बाजाराला निघालेली माणसं, पाणी भरणाऱ्या बाया, आणि पलीकडे पानाच्या दुकानापाशी खुद्द हलवायांच्या आळीतले दोघेतिघे. बाईनं त्यांना पाहिलं. क्षणभर तिचं पाऊल मागं सरलं. राहीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाई पुढं झाली, परातीच्या काठाला हात लावला आणि कोतवालाला म्हणाली, "ही परात माझी आहे. हलवायांच्या आळीतून गेली."

ती मोठ्यानं बोलली होती. रस्त्यावरची माणसं थांबली. पानाच्या दुकानापाशी उभ्या असलेल्यांपैकी एकजण मान खाली घालून उभा राहिला. मग तो हळूहळू रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "त्यातले दोन झारे माझे."

कोतवालानं दोघांनाही बसायला सांगितलं आणि विचारलं, काय काय गेलं, कधी गेलं, कोणत्या वारी गेलं. केरोबा आणि राही तिथून निघाली. दोघांनाही घाई होती, कापड ओलं होतं आणि ऊन उतरायला लागलं होतं.

त्या महिन्याच्या अखेरीला केरोबा नेहमीसारखा चावडीवर गेला. कोतवालानं आकडा विचारला. केरोबा म्हणाला, दोन, एक धोतर आणि एक कोंबडी. धोतर कुणाचं, कोंबडी कुणाची, कुठून गेली, कुणी काय पाहिलं, हे सगळं त्यानं सांगितलं. मग त्यानं हलवायांच्या कारभाऱ्याकडे पाहिलं. त्याची पाळी होती. गोल चेहऱ्याचा तो हसतमुख माणूस आज हसत नव्हता. तो म्हणाला, "हलवायांची आळी, अकरा."

कोतवालानं लगेच दोन राखणदारांना बोलावलं.

या गोष्टीतून घेण्यासारखं एवढंच: चोरी झाकली की आकडा लहान होतो, चोर मात्र मोठा होतो. ज्या आळीत माणसं आपलं गेलेलं मोकळेपणानं सांगतात आणि शेजारी ते ऐकून घेतात, तीच आळी सुरक्षित.